आजोळ कुणाचं, आजी कुणाची

प्रश्न असा आलाय: ‘आजीच्या वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती आठवणींची पुस्तिका काढतोय. ती वडिलांची आई. पुस्तिकेला "माझं आजोळ" हे नाव चालेल का?’

नाही चालणार. आजोळ आईकडचं. वडिलांकडच्या घराला मराठीत वेगळं नाव नाही, कारण ते घरच. सुट्टीत जिथे जायचं, त्याला नाव लागतं. हल्ली मात्र कुठलंही गाव आजोळ व्हायला लागलंय. परवा एका फाट्यावर कृषिपर्यटनाची पाटी पाहिली: वर ‘आजोळ’, खाली माणशी दर, पाच वर्षांखालच्या मुलांना निम्मा. आजोळी नातवंडांना निम्मं तिकीट!

देवकुलाचं देऊळ झालं, राजकुलाचं राऊळ, तसं आर्यककुलाचं आजोळ. आर्यक म्हणजे आजा. त्यात आईकडचा की वडिलांकडचा हे कुठेच नाही, हा मुद्दा तुमच्या बाजूचा. पण वापर व्युत्पत्तीला विचारून ठरत नाही. भोजपुरीत तर आजी म्हणजे वडिलांचीच आई, आईची आई ती नानी. गिरमिटिये, म्हणजे करारावर परदेशी मजुरीला गेलेले लोक, हा भेद बोटीतून थेट त्रिनिदादला घेऊन गेले.

आता खरी मजा. संस्कृत आर्यिका, प्राकृत अज्जिआ, मराठी आजी. कार्य, कज्ज, काज याच वाटेने. ‘आजी कानडी अज्जीवरून आली’ असं छातीठोक सांगणारे विद्वान मला दर दिवाळीला भेटतात. कानडी अज्जी मलाही प्रिय आहे, पण ती भोजपुरीत कशी पोचली ते एकदा सांगा म्हणावं. आणि पालीत? तिथे आजीला ‘अय्यिका’ म्हणतात. संयुत्तनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात कोसलचा राजा पसेनदी भर दुपारी बुद्धाकडे येतो. कुठून आलास विचारल्यावर सांगतो, माझी अय्यिका गेली, एकशेवीस वर्षांची होती, फार लाडकी होती. उत्तम हत्ती देऊन ती परत मिळाली असती तर हत्ती दिला असता; घोडा, गाव, अख्खा जनपद दिला असता. बुद्ध त्याला कुंभाराच्या मडक्यांचा दाखला देतो, कच्ची असोत की भाजलेली, सगळी फुटायचीच. ते बरोबरच आहे. पण मला दर वेळी राजाची ती चढती बोली आठवते. एवढा मोठा राजा, आणि तोंडी शब्द आपल्या घरातलाच.

आमची आजी शिरोळकडची. शेजारच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, आर्यिका माताजी (जैन साध्वी) आल्या की पायातलं काढून, डोईवरचा पदर सारखा करत दर्शनाला जायची. मी कॉलेजात नवा नवा प्राकृत शिकत होतो. तिला म्हटलं, आजी, त्यांचं नि तुझं नाव एकच. ती चुलीवरचं दूध उतरवत होती. म्हणाली, ‘मग मला कोण वाकून नमस्कार करत नाही ते? कर की.’ केला. पाठीवर ओल्या हाताची थाप बसली, ती शर्टावर उमटली.

राहता राहिलं ‘आज्जी’. एक निवृत्त मास्तर प्रत्येक पोराचं ‘आज्जी’ दुरुस्त करतात. व्याकरणाच्या हिशेबाने मास्तर बरोबर: ज्जचा एक ज गेला, त्याची भरपाई म्हणून अचा आ झाला, आता दोन्ही कसे ठेवणार? भाषाशास्त्री याला लाडाचं द्वित्व, म्हणजे लाडाने दुप्पट केलेलं व्यंजन, म्हणून निकालात काढतील. माझं मत वेगळं. अज्जिआतला तो जोड ज आजींनी नातवंडांच्या तोंडात जपून ठेवलाय. पुरावा नाही, पण मी हट्ट सोडणार नाही.

पुस्तिकेचं नाव? ‘आज्जी’ ठेवा. मुद्रितशोधक एक ज खोडेल. तो परत घाला.