भूमिगत वीजकेबलच्या मार्गातली जमीन दूषित आहे का, हे मुंबईत कसं तपासतात? माती परीक्षणाचा अहवाल पुरतो का?

नाही पुरत. तो अहवाल जमीन किती भार पेलते ते सांगतो, तिच्यात काय मुरलंय ते नाही. हेच मी वडाळ्याला एका साहेबांना जॉइंट बेच्या, म्हणजे केबलचे तुकडे जोडायच्या खड्ड्याच्या, काठावर उभं राहून सांगत होतो, म्हणून प्रश्न बघून राहवलं नाही.

चर दीडेक मीटरचा, पण जॉइंट बे त्याहून खोल, आणि केबल जोडणारा जॉइंटर त्यात दिवसच्या दिवस बसतो. त्या जागी पूर्वी ड्रम धुणारे भंगारवाले होते. डेब्रिजखाली काळी, चिकट माती लागली. भरतीला खालून पाणी चढलं की वर रंगीत तवंग. मुकादम हुंगून म्हणाला, "हे गटाराचं नाय, घासलेट हाय." साहेबांचं एकच पालुपद: रिपोर्टमध्ये तसं काही नाही. असणार कुठून? माती परीक्षणाचं बोअर रस्त्याच्या पलीकडे मारलेलं! पंपाचं पाणी सरळ पावसाळी गटारात चाललं होतं, ते मी बंद करवलं. खोळंब्याचे पैसे कोण देणार यावरून आमची जुंपली. नमुन्यांत डिझेल निघालं, बे सरकवावा लागला. साहेब अजून म्हणतात, मी बाऊ केला.

डिझेल-घासलेटाने केबलचं पॉलिथिनचं आवरण फुगतं, मऊ पडतं. कचऱ्याच्या भरावात उष्णता कोंडते, मग केबलवर भार कमी टाकावा लागतो. शिवाय वाळू भरलेला चर म्हणजे दूषित पाण्याला आयता पाट.

तेव्हा आधी जुने नकाशे काढा, म्हाताऱ्या रहिवाशांना विचारा. लालबागला कोळशापासून गॅस बनवणारी कंपनी होती. अशा जागी डांबर आणि सायनाइड राहतं, माती निळी दिसली तर हात लावू नका. देवनारला 1927 पासून कचरा पडतोय. मालाडचं माइंडस्पेस जुन्या डम्पिंगवर उभं आहे. माहुलला रिफायनऱ्या आहेत, तिथलं वेगळं सांगायला नको. संशयाच्या जागी ट्रायल पिट (चाचणीचा खड्डा) घ्या, माती आणि पाणी दोन्ही लॅबला पाठवा. बेमध्ये उतरण्याआधी मीटर लावा: ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली असेल किंवा मिथेन दिसला तर कोणालाही उतरवू नका. निघालेली घाण माती डेब्रिजच्या डंपरमध्ये भरू नका, तिला 2016 चे घातक कचऱ्याचे नियम लागू शकतात.

हे सगळं मोठ्या दाबाच्या लांब मार्गांबद्दल. गल्लीतल्या एलटी (कमी दाबाच्या) केबलला एवढं कोणी करत नाही, करायची गरजही क्वचितच पडते. पण ट्रायल पिटचे पैसे निविदेतच वेगळे दाखवायला लावा. नाहीतर चर खणून झाल्यावर साहेब तुम्हालाच विचारतील, हे कोणाच्या बिलात टाकू?