टीईटी नाही म्हणून राजीनाम्यावर सही? थांबा जरा

सप्टेंबर 2025 मध्ये टीईटीवर (शिक्षक पात्रता परीक्षेवर) सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, तेव्हापासून समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "ताई, माझी टीईटी नाहीये, म्हणजे शाळा आता मला कधीपण काढू शकते ना?" विचारणारे पंधरा-वीस वर्षं शिकवलेले लोक, वर्गात साठ पोरं गप्प करणारे, आणि ऑफिसमधून निरोप आला की हात थरथरतात. त्यातल्याच एका बाईंची केस सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव, खाजगी विनाअनुदानित प्राथमिक शाळा, स्टेट बोर्ड. बाई चौथीच्या वर्गशिक्षिका, डी.एड. झालेल्या, जून 2007 ला लागल्या, वय 42, पगार 14 हजार. टीईटीला दोनदा बसल्या, एकदा 84 मार्क पडले आणि ओपनला 90 लागतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला शाळेचं काही सांगितलंच नाही, झोप लागत नाही, पोरांवर उगाच ओरडते, घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही एवढंच. मग पर्समधून मोबाईल काढला आणि एका कागदाचा फोटो दाखवला.

राजीनामा होता. टाईप केलेला, झेरॉक्सवर झेरॉक्स मारून पुसट झालेला, "वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे", खाली तारखेची जागा कोरी. नावाच्या जागी व्हाइटनर लावलेलं आणि त्याखाली दुसऱ्याच कुणाचं तरी नाव अर्धवट दिसत होतं. म्हणजे हा कागद आधी पण कुणावर तरी वापरलेला. क्लार्कने पाच जणींना बोलवून सांगितलं होतं की कोर्टाचा निकाल आलाय, तुम्ही आता अपात्र, सह्या करा, संस्था तुम्हाला कॉन्ट्रॅक्टवर परत घेईल, 9 हजारात. आणि बाईंचं डी.एड.चं ओरिजिनल सर्टिफिकेट 2007 पासून शाळेच्या कपाटात.

बाईंचा नवरा म्हणत होता करून टाक सही, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, 9 तर 9.

मी वकील नाही, समुपदेशक आहे, पण या कामात राहून कायदा वाचावाच लागतो नाहीतर नुसतं "धीर धरा" सांगून माणूस घरी जातो आणि सोमवारी सही करून मोकळा होतो. म्हणून मी बाईंना दोन कोरे कागद दिले. एकावर लिहा, कायदा तुमच्याकडून काय मागतो. दुसऱ्यावर लिहा, संस्था तुमचं काय देणं लागते. संस्था या दोन्हीची खिचडी करून वाढते आणि आपण भीतीपोटी ती गिळतो, खरा घोळ तिथेच आहे.

पहिल्या कागदावर काही गोड बोलायचं नाही असं मी ठरवलेलं असतं. 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की पहिली ते आठवी शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागणार. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी राहिलीत ते टीईटीशिवाय राहू शकतात पण प्रमोशन नाही. ज्यांची नेमणूक शिक्षण हक्क कायद्याच्या आधीची आहे आणि नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त बाकी आहे त्यांना निकालापासून दोन वर्षं दिलीत. त्यात पास नाही झाले तर नोकरी सोडावी लागेल, पण नियमाप्रमाणे सेवा भरली असेल तर निवृत्तीचे लाभ मिळतील. (अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेलाय, तिथल्या लोकांनी हे जसंच्या तसं लावून घेऊ नका.) बाई 2007 च्या, म्हणजे दोन वर्षांच्या मुदतीत बसतात. टीईटी द्यावीच लागणार, त्यातून सुटका नाही, रिव्ह्यूच्या (निकालाच्या फेरविचाराच्या) बातम्या व्हॉट्सअॅपवर फिरत असतात त्यांच्या भरवशावर बसू नका हे मी सरळ सांगितलं. पण दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं, पुढचा सोमवार नाही.

मग दुसरा कागद. बाई म्हणाल्या, "आमची शाळा विनाअनुदानित आहे, आम्हाला कसले नियम?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग पण येत नाही. महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा 1977 चा आहे, त्याची नियमावली 1981 ची, सगळे त्याला एमईपीएस म्हणतात आणि तो मान्यताप्राप्त खाजगी शाळांना लागू आहे, अनुदान असो वा नसो. त्याच्या कलम 7 मध्ये राजीनामा कसा द्यायचा तेसुद्धा लिहिलंय. दोन प्रती, दोन्हीवर सही आणि तारीख, एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने संस्थेला, दुसरी स्वतःकडे. हे एवढं सोपस्कार का घातलंय? कपाटात कोऱ्या तारखेचे राजीनामे ठेवणाऱ्यांसाठीच तर! नाहीतर कोण कशाला स्वतःच्याच शाळेत राजीनामा पोस्टाने पाठवेल.

काढायचं म्हटलं तरी परमनंट शिक्षकाला शिक्षा म्हणून असं उद्यापासून येऊ नका सांगता येत नाही. आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी समिती बसते, तीत एक संस्थेचा माणूस, एक शिक्षकाने स्वतः निवडलेला दुसरा कर्मचारी आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला शिक्षक. बाईंना हे माहितीच नव्हतं, "म्हणजे माझ्या बाजूने पण कुणीतरी बसतं?" असं त्यांनी दोनदा विचारलं. आणि तरीही काढलंच तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत स्कूल ट्रिब्युनलमध्ये (शाळा न्यायाधिकरणात) अपील. हे 30 दिवस लोक कुठे घालवतात तर आमदारांच्या पीएकडे नाहीतर पंचायत समितीच्या पायऱ्यांवर. कुणीतरी लेबर कोर्टात जा म्हणून पण सांगतं, बाईंच्या दिराने तेच सांगितलं होतं. ते जमत नाही, शिक्षक हा तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यातला कामगार नव्हे हे सुप्रीम कोर्टाने 1988 मध्येच एका शिक्षिकेच्या केसमध्ये ठरवून टाकलंय, आणि ती केस आपल्या शेजारच्या गोव्यातलीच.

पण ग्रॅच्युइटीचं वेगळं आहे हां. क्लार्कने "शिक्षकांना ग्रॅच्युइटी नसते" असं ठोकून दिलं होतं. 2009 च्या दुरुस्तीने शिक्षकांना ती 3 एप्रिल 1997 पासून लागू झाली, खाजगी शाळा त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि ऑगस्ट 2022 मध्ये हरल्या. मी बाईंनाच मोबाईलवर हिशोब करायला लावला, महिना 26 दिवसांचा धरून वर्षाला 15 दिवसांचा पगार, म्हणजे 14 हजार गुणिले 15 भागिले 26, गुणिले 18 वर्षं. 1 लाख 45 हजारांच्या वर आकडा आला तशा त्या थोडा वेळ स्क्रीनकडेच बघत राहिल्या, मग म्हणाल्या नवऱ्याला फोन लावू का.

नवरा पुढच्या वेळी सोबत आला. त्याची भीती खोटी नव्हती, संस्थाचालक गावातलेच, सोसायटीच्या कर्जापासून लग्नाच्या हॉलपर्यंत सगळीकडे त्यांचा शब्द. मी त्याला एवढंच म्हटलं की आपण कुणावर केस करत नाहीये, फक्त सही करत नाहीये, या दोन्हीत फरक आहे. मग तिघांनी बसून चार ओळींचं पत्र लिहिलं: मी राजीनामा दिलेला नाही व देऊ इच्छित नाही, मा. सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मुदतीत टीईटी उत्तीर्ण होण्याचा प्रयत्न करत आहे, माझी मूळ प्रमाणपत्रे परत मिळावीत. बस. कुणावर आरोप नाही, "अन्याय" हा शब्दही नाही. एक प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना. पोस्टात गेल्यावर कळलं की रजिस्टर्ड आता स्पीड पोस्टात घातलंय, तेव्हा काउंटरवर रजिस्ट्रेशन आणि पोचपावती हवी असं सांगून घ्या.

पत्राआधी मात्र पुरावे गोळा करायला लावले. 2007 ची ऑर्डर, दरवर्षी जूनला दिलेल्या 11 महिन्यांच्या ऑर्डरी, पगाराचं पासबुक, मस्टरचे फोटो, निकालपत्रकं ज्यावर वर्गशिक्षक म्हणून सही आहे. त्या 11 महिन्यांच्या ऑर्डरींमुळे आपण टेम्पररीच असं बाई धरून चालल्या होत्या. पद कायम रिकामं असेल, नेमणूक रीतसर असेल आणि ठरलेलं प्रोबेशन पार पडलं असेल तर कायदा तुम्हाला परमनंट धरतो. पण इथे जाहिरात, मुलाखत, बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं त्याची यादी) असे बरेच प्रश्न येतात, त्यासाठी ट्रिब्युनलची कामं करणारा वकील गाठा, माझ्यासारखीच्या सांगण्यावर उडी मारू नका. आणि शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता नाही म्हणून नेमणूकच नाही असं कुणी घाबरवलं तर मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठाचा सेंट उलाई हायस्कूलचा निकाल वकिलाला दाखवा.

एक मात्र सांगून ठेवते, ज्यांची नेमणूक 2013 नंतरची आहे आणि टीईटी नाहीये त्यांची केस बाईंसारखी नाही, बरीच कमजोर आहे. राजीनाम्याची पद्धत त्यांनाही तीच, पण नोकरी टिकण्याची खात्री मी त्यांना देत नाही.

बाईंच्या पत्राला उत्तर आलं नाही. क्लार्क आठवडाभर बोलला नाही, मग एका दुपारी सर्टिफिकेट पिवळ्या पाकिटात घालून शिपायाकरवी वर्गात पाठवून दिलं. बाकी चौघींपैकी दोघींनी आधीच सह्या केल्या होत्या, त्या आता 9 हजारांवर आहेत आणि त्यातली एक माझ्याकडे येऊन गेली. बाईंनी महाटीईटीचा फॉर्म भरला, पेपर एक. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर, प्रत्येकी 30 मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. बालमानसशास्त्राचं त्या मला विचारतात, गणितासाठी त्यांनी सातवीच्या सरांना पकडलंय.