टीव्ही सोडून गेमकडे? मुळात काही सोडावंच लागत नाही

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, लहानपणापासून नाटकात काम करते. ‘द लास्ट ऑफ अस’ हा व्हिडिओ गेम खेळल्यापासून त्यातल्या एलीचं काम करणाऱ्या ॲशली जॉन्सनचं तिला वेड लागलंय. ‘ती आधी टीव्हीवर होती, मग गेमकडे वळली, मीही आधी मालिका करीन, नाव झालं की गेमला आवाज देईन,’ असं ती म्हणते. तिच्या बाबांचं मत वेगळं आहे. पडद्यावर काम मिळेनासं झालं की माणसं आवाजाच्या कामाला लागतात, असं त्यांना वाटतं. खरं काय? यात पोट भरतं का? आणि तिला आत्ता काय शिकवावं? – एक आई

उत्तर :

ताई, तुमच्या घरातल्या दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरून चालल्या आहेत. टीव्ही हे एक घर, गेम हे दुसरं, आणि नट एक सोडून दुसऱ्यात राहायला जातो, अशी ती समजूत आहे. ॲशली जॉन्सनच्या कामाकडे तारखांसकट पाहिलं की ही समजूत टिकत नाही.

1990 साली ‘ग्रोइंग पेन्स’ या अमेरिकी मालिकेत ती आली तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांची होती. शाळकरी वयातच तिने कार्टूनसाठी आवाज द्यायला सुरुवात केली. 1997 मध्ये सुरू झालेल्या ‘रीसेस’मधली ग्रेचेन तिचीच. ‘द लास्ट ऑफ अस’ आला 2013 मध्ये. एलीसाठी तिला 2014 मध्ये बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला आणि त्याच गेमच्या पुढच्या छोट्या भागासाठी 2015 मध्ये पुन्हा मिळाला. आता खरी गंमत पुढे आहे. हे दोन पुरस्कार खिशात असताना ती त्याच 2015 मध्ये ‘ब्लाइंडस्पॉट’ या टीव्ही मालिकेत दाखल झाली आणि 2020 पर्यंत तिथे होती. 2023 मध्ये गेमवरून टीव्ही मालिका निघाली, तेव्हा तिने त्यात एलीच्या आईचं काम केलं. म्हणजे ती कुठून कुठे ‘वळली’ असं म्हणायचं? कॅमिला लडिंग्टनचंही तसंच. 2012 पासून ती ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या टीव्ही मालिकेत डॉक्टर आहे, आणि 2013, 2015 व 2018 च्या ‘टूम रेडर’ गेम्समधली नायिका लारा क्रॉफ्टही तीच.

तेव्हा मुलीला सांगा की आधी मालिका आणि मग गेम, असा जिना यात नाही. आणि तिच्या बाबांना सांगा, की हे उरलंसुरलं काम नाही. जेन पेरी बरीच वर्षं रंगमंचावर आणि पडद्यावर काम करत आली आहे. 2022 मध्ये ‘रिटर्नल’ या गेममधल्या प्रमुख भूमिकेसाठी तिला बाफ्टा मिळाला. तो अभिनयाचाच पुरस्कार आहे.

माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं ‘माझा आवाज चांगला आहे’ इथून सुरुवात करतात. मला त्यांची काळजी वाटते ती इथेच. गोड, खणखणीत किंवा वेगळा आवाज असणारी माणसं पुष्कळ आहेत. या कामात लागतं ते दुसरंच. ते कळावं म्हणून एका सेशनमध्ये काय होतं ते सांगतो.

काचेच्या अलीकडे खोलीत अभिनेत्री एकटी, समोर माइक. संहिता नाटकासारखी सलग नसते. एक्सेलच्या तक्त्यासारख्या ओळी असतात आणि पुष्कळदा त्यात फक्त तिचीच वाक्यं असतात. समोरचा काय बोलला ते दिग्दर्शक काचेपलीकडून सांगतो. ‘तो तीस पावलांवर आहे, तुझा पाय दुखावलाय, शत्रूला ऐकू जाता कामा नये.’ वाक्य असतं, ‘मागे सर.’ ती ते लागोपाठ तीनदा म्हणते, तिन्ही वेळा वेगळ्या अर्थाने. दिग्दर्शक त्या तिनांतलं दुसरं निवडतो आणि लगेच पुढची ओळ. ती ओळ कदाचित गोष्टीत चार तासांनंतरची असते आणि तोवर ज्याला तिने मागे सरायला सांगितलं तो मेलेला असतो. ते दुःख तिने तिथल्या तिथे, कुणाच्या डोळ्यात न बघता आणायचं. ‘मास इफेक्ट’च्या तिन्ही गेम्समध्ये शेपर्ड हे मुख्य पात्र पुरुष किंवा स्त्री म्हणून खेळता येतं, आणि त्यातल्या स्त्री-शेपर्डचा आवाज जेनिफर हेलचा आहे. तिथे काय बोलायचं ते खेळणारा निवडतो, म्हणून एकाच प्रसंगातलं समजूतदार उत्तरही तिने दिलंय आणि कठोर उत्तरही, आणि दोन्हींत बाई तीच वाटली पाहिजे. हे नुसत्या गळ्याने होत नाही.

सेशनच्या शेवटी येतात ते ‘एफर्ट्स’, म्हणजे उडी मारणं, धापा टाकणं, मार खाणं, भाजणं, बुडणं, मरणं यांचे आवाज. ते शेवटी ठेवतात, कारण त्यानंतर गळ्यात फारसं काही उरत नाही. गळ्यावरचा हा ताण इतका खरा आहे की अमेरिकेतली कलाकारांची संघटना सॅग-आफ्ट्रा ऑक्टोबर 2016 मध्ये गेम कंपन्यांविरुद्ध संपावर गेली, तेव्हा तिच्या मागण्यांमध्ये हाही मुद्दा होता. तुमच्या मुलीने ओरडण्याचं तंत्र चांगल्या आवाज-शिक्षकाकडून शिकावं, खोलीचं दार लावून स्वतःच्या मनाने नव्हे. आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर घरगुती उपाय करत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

शिवाय मोठ्या गेममध्ये नुसता आवाज पुरत नाही. ‘द लास्ट ऑफ अस’साठी ॲशली जॉन्सन आणि जोएलचं काम करणारा ट्रॉय बेकर हे दोघं अंगाला घट्ट बसणारे, ठिपके लावलेले पोशाख घालून एकमेकांसमोर उभे राहून प्रसंग करत होते. ना नेपथ्य, ना वेशभूषा. मोकळ्या जागेत हालचाल टिपली जाते आणि त्यावर पात्र उभं राहतं. तुमची मुलगी नाटकातली आहे हे तिच्या फार कामाला येईल. रिकाम्या रंगमंचावर भिंत आहे असं मानून वावरणं तिला माहीत आहे. ते टीव्हीच्या सेटवर शिकायला मिळतंच असं नाही.

आता पोटापाण्याचं. इथे गोड बोलून चालणार नाही. हे काम सेशनवर मिळतं, पगारावर नाही. अमेरिकेत मालिका पुन्हा दाखवली की कलाकाराला पुन्हा पैसे मिळतात. गेम कितीही खपला तरी तशी व्यवस्था नाही. 2016 च्या संपात त्यासाठीही भांडण झालं आणि 2017 मध्ये हाती आलं ते सेशनच्या संख्येनुसार ठरणारं जादा मानधन. प्रमुख भूमिका मूठभर, त्याही मोजक्याच लोकांकडे जातात. बाकीच्यांचं काम ‘कोण आहे तिकडे?’ असं ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचं. तेही चोख करावं लागतं आणि बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. नकार तर रोजचेच, आणि बऱ्याचदा कशासाठी ऑडिशन दिली तेही कळत नाही, कारण गेमचं नाव गुप्त ठेवलेलं असतं.

त्यात आता एआय आलंय. जुलै 2024 मध्ये सॅग-आफ्ट्रा पुन्हा संपावर गेली ती प्रामुख्याने याच प्रश्नावर, आणि तो संप जून 2025 पर्यंत चालला. कलाकाराच्या आवाजाची किंवा हालचालींची नक्कल संगणकावर बनवायची, तर त्याची संमती घ्या आणि मोबदला द्या, हा त्या भांडणाचा गाभा. पहारेकऱ्याची चार वाक्यं यंत्राकडून करून घेण्याचा मोह कंपन्यांना होणारच, आणि नवोदितांची पहिली पायरी नेमकी तीच असते. म्हणून पहिल्यावहिल्या कामाचाही करार वाचल्याशिवाय सही नाही. आवाज नेमका कशासाठी वापरणार, किती काळ, त्यावरून यंत्राला शिकवणार का, हे त्यात लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल तर विचारायचं. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत हे तुम्हीच वाचायचं आहे.

शिक्षणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ‘व्हॉइस ॲक्टिंग’चा कोर्स आधी नको, अभिनयाचं पक्कं शिक्षण आधी. शक्य असेल तर नाट्यशास्त्राची पदवी, जिथे आवाज, शरीर, उत्स्फूर्त अभिनय आणि रंगमंचावरची मारामारी हे सगळं शिकवतात. रोज एक अनोळखी पान हातात घेऊन, आधी न वाचता, थेट मोठ्याने आणि अर्थासकट वाचायची सवय आजपासून लावा. माइकपुढे याचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचाच होत नाही. जोडीला हाताशी दुसरं काम असू दे, आणि ते याच वर्तुळातलं असलं तर उत्तम, म्हणजे ध्वनिमुद्रण, संकलन किंवा लेखन. ‘होरायझन झीरो डॉन’मधली एलॉय करणारी ॲशली बर्च पटकथा लेखिकाही आहे. अशा माणसाला दोन कामांमधला रिकामा काळ तितका खात नाही.

डेमो रीलची घाई मात्र अजिबात करू नका. मिनिट-दीड मिनिटाचा तो नमुना म्हणजे तुमचं ओळखपत्र. कच्चा गेला तर कास्टिंगवाल्यांच्या लक्षात तोच कच्चेपणा राहतो. भरपूर पैसे घेऊन कोर्स, डेमो आणि ‘हमखास भूमिका’ असं एकत्र विकणारे भेटतील. भूमिका मिळवून देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याच्या दारात पाऊल ठेवू नका. घरच्या सरावाला साधा माइक आणि कपड्यांनी भरलेल्या कपाटाजवळचा शांत कोपरा सुरुवातीला पुरे.

आणि तिला नाटक सोडू देऊ नका. पुढची दोन वर्षं मालिकांच्या ऑडिशनांमागे धावण्यापेक्षा तिने दर वर्षी किमान एक मोठी भूमिका रंगमंचावर करावी, असं मला मनापासून वाटतं. दरम्यान मालिका मिळाली तर जरूर करावी, पण ती गेमच्या कामाची पूर्वअट आहे असं समजून नव्हे.