नात वाचताना अडते

प्रश्न : नात पहिलीत आहे. गोष्टी रंगवून सांगते, पण वाचताना पहिलं अक्षर बघून पुढचं चित्रावरून ठोकून देते. बाई म्हणतात, येईल आपोआप. थांबावं का?

उत्तर : आजी, थांबू नका. हा डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षर आणि आवाज जुळवताना अडून वाचन जड जाणं, असू शकतो. त्याचं पक्कं निदान बहुधा 7-8 वर्षांच्या सुमारास होतं. मदतीला मात्र त्या कागदाची वाट पाहावी लागत नाही. आधी कान-डोळे तपासा. मग विचारा, ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? ‘मळ’ सुचत नसेल, शिकलेली अक्षरं पुन्हा पुन्हा विसरत असेल, घरात कुणाला वाचनाचा त्रास असेल, तर शाळेकडे चाचणीचा आग्रह धरा. उलट्या अक्षरांचा बाऊ नको, या वयात बरीच मुलं ती काढतात. आणि वर्गासमोर मोठ्यानं वाचायला लावणं तेवढं बंद करायला सांगा.