‘डब्ल्यू’मुळे जीपीए वाचतो, एड वाचत नाही

वाचकांचे प्रश्न : कॉलेजचा खर्च आणि फायनान्शियल एड

प्रश्न : ताई, आमचा मुलगा न्यू जर्सीतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत आहे. आत्ताच पहिलं वर्ष संपलं. दोन सेमिस्टर मिळून 30 क्रेडिट घेतली होती. फॉलमध्ये 3 क्रेडिटचा एक विषय जड गेला म्हणून सोडला. स्प्रिंगमध्ये त्याला मोनो हा विषाणूजन्य आजार झाला, अंगात त्राण नव्हतं. अ‍ॅडव्हायझरच्या सल्ल्यानं 7 क्रेडिटचे दोन विषय विथड्रॉ केले आणि 4 क्रेडिटच्या केमिस्ट्रीत एफ आला. तरी जीपीए (ग्रेडची सरासरी) 2.2 आहे आणि नियम 2.0 चा आहे. असं असून ‘पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) आणि लोन बंद’ अशी ईमेल आली. ती त्यानं आम्हाला दाखवली तीही उशिरा. आधी एखादी ताकीद नको का? आणि आईवडिलांना कळवायला नको का? – एक आई, एडिसन

उत्तर : मी एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते. जून उजाडला की अशाच ईमेली घेऊन मुलं आमच्या काउंटरवर येतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य तुमचंच असतं : ‘जीपीए तर ठीक आहे!’

जीपीए ठीकच आहे. पण फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, मदतीसाठी जी ‘सॅटिसफॅक्टरी अकॅडेमिक प्रोग्रेस’ पाहतात, ज्याला आम्ही ऑफिसात नुसतं सॅप म्हणतो, तिच्यात जीपीए हा एकच निकष नसतो. दुसरा निकष पेस, म्हणजे घेतलेल्या क्रेडिटपैकी किती पूर्ण केली. तिसरा, डिग्री जास्तीत जास्त किती क्रेडिटच्या आत संपवायची. ही मर्यादा अभ्यासक्रमाच्या दीडपट असते. 120 क्रेडिटची बॅचलर्स 180 च्या आत व्हायला हवी. 180 पैकी 120 म्हणजे दोन तृतीयांश, म्हणून बहुतेक कॉलेजं पेससाठी 67 टक्के मागतात.

आता चिरंजीवांचा हिशेब. घेतली 30. त्यातून सोडलेली 10 आणि नापास झालेली 4 वजा केली की पूर्ण झाली 16. म्हणजे 53 टक्के. विथड्रॉ केलेल्या विषयापुढे डब्ल्यू लागतो. तो जीपीएत धरत नाहीत, म्हणून अ‍ॅडव्हायझर तो सुचवतात, आणि त्यांच्या बाजूनं सल्ला बरोबरही असतो. पण पेसमध्ये डब्ल्यू ‘घेतलं’ या रकान्यात जातो आणि ‘पूर्ण केलं’मध्ये येत नाही. सेमिस्टरच्या सुरुवातीच्या अ‍ॅड-ड्रॉपच्या दिवसांत विषय सोडला तर मात्र मागे काहीच राहत नाही. मुलांना मी हा फरक आवर्जून सांगते, कारण दोन्हीला ती ‘ड्रॉप केला’ असंच म्हणतात.

ताकीद का नाही? जी कॉलेजं प्रत्येक सेमिस्टरनंतर सॅप तपासतात, त्यांनाच आधी एका सेमिस्टरची वॉर्निंग देऊन मदत चालू ठेवता येते. वर्षातून एकदाच तपासणारं कॉलेज वॉर्निंग देऊ शकत नाही, तिथे थेट मदत थांबते. तुमचं कॉलेज दुसऱ्या प्रकारचं दिसतंय. पालकांच्या बाबतीत 1974 चा फर्पा कायदा आडवा येतो. मूल कॉलेजात गेलं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा. मुलगा टॅक्समध्ये तुमचा डिपेंडंट असेल तर कॉलेज तुम्हाला सांगू शकतं, पण सांगायलाच हवं असं नाही. मुलानं संमतीचा फॉर्म भरला तर बोलणं सोपं होतं. फी आपण भरायची आणि फोनवर उत्तर मिळायचं ‘सांगता येत नाही’, याचा राग येतो हे मला कळतं, मीसुद्धा आई आहे. तरी कायदा मला पटतो.

आता करायचं काय, तर अपील. नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याचं आजारपण किंवा दुखापत, किंवा इतर खास परिस्थिती, अशा कारणांसाठी कॉलेज अपील घेऊ शकतं. तुमच्याकडे आजारपण आहे, आणि त्याचे कागद असणार. डॉक्टरांच्या पत्रावर तारखा हव्यात, आणि त्या स्प्रिंग सेमिस्टरच्या तारखांशी जुळायला हव्यात. ‘याच्यावर उपचार झाले’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी आम्हाला परत पाठवावी लागते.

पत्र मुलानंच लिहावं. आईनं लिहिलेलं पत्र दुसऱ्या ओळीतच ओळखू येतं, आणि हल्ली कॉम्प्युटरकडून लिहवून घेतलेलं पहिल्याच ओळीत. त्यात दोन गोष्टींची उत्तरं लागतात : पेस का घसरला, आणि आता काय बदललं. पहिल्यावर मुलं पानभर लिहितात. दुसऱ्यावर ‘यापुढे मन लावून अभ्यास करीन’ असं एक वाक्य. अपील तपासणाऱ्या समितीला त्या वाक्याचं काहीच करता येत नाही. तब्येत कधी बरी झाली, केमिस्ट्री पुन्हा केव्हा घेणार, ट्यूटरिंगला नाव घातलं का, नोकरीचे तास कमी केले का, हे लिहायचं. माफी मागायची गरज नाही, प्राध्यापकांवर खापर तर मुळीच फोडायचं नाही. आणि फॉलमध्ये सोडलेल्या विषयाबद्दल गप्प राहू नका. तो आजारपणाच्या आधीचा आहे, समितीच्या नजरेत येणारच. ‘पहिल्या सेमिस्टरला झेपेल त्याहून जास्त घेतलं’ एवढं खरं सांगितलं तरी पुरतं.

पुढच्या फॉलचं गणितही पत्राआधी करून ठेवा. 15 क्रेडिट घेऊन सगळी पास केली तर 45 पैकी 31, जवळजवळ 69 टक्के, सुटलात. 12 घेतली तर 42 पैकी 28, म्हणजे 66.67. काही कॉलेजांचा नियम नेमका 66.67 लिहिलेला असतो, काहींचा 67. दुसऱ्या प्रकारात मुलगा केसभरानं चुकेल. तरी आजारातून उठलेल्या मुलाला मी 12 च घ्यायला सांगेन. एका सेमिस्टरात आकडा भरून निघणार नसेल, तर कॉलेज अकॅडेमिक प्लॅन आखून देऊ शकतं. त्यातल्या अटी पाळल्या की मदत चालू राहते. केमिस्ट्री पुन्हा घेतल्यावर काही कॉलेजं जीपीएतून जुना एफ काढतात, पण पेसमधली ती 4 क्रेडिट तशीच राहतात.

अपील मंजूर होईपर्यंत फीची मुदत थांबत नाही, म्हणून बर्सरच्या, म्हणजे फी घेणाऱ्या, ऑफिसात हप्त्यांची सोय विचारून ठेवा. आणि पॅरेंट प्लस लोनवर (आईवडिलांनी घ्यायच्या फेडरल कर्जावर) विसंबून राहू नका. ते तुमच्या नावावर असलं तरी मुलाचं सॅप बिघडलं की तेही थांबतं.

प्रश्न : मी कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर झाले, मग मेजर (मुख्य विषय) बदलला. आत्तापर्यंत 160 क्रेडिट झाली, डिग्रीला अजून 36 हवीत. 180 ची मर्यादा आहे असं कळलं. म्हणजे अजून 20 क्रेडिटपर्यंत एड मिळेल ना? – विद्यार्थिनी, कॅलिफोर्निया

उत्तर : नाही. मर्यादेच्या आत डिग्री संपणं गणितानंच अशक्य आहे असं दिसलं, की मदत त्याच टप्प्यावर थांबते. तुझी बेरीज 196 होते. पण निराश होण्याआधी एक विचार : नव्या मेजरला न लागणारी जुनी क्रेडिट तुझं कॉलेज या मोजणीतून वगळतं का? काही कॉलेजं वगळतात, आणि त्यानं चित्र पालटू शकतं. ट्रान्सफर क्रेडिटपैकीही नव्या कॉलेजनं स्वीकारलेलीच धरतात. वगळत नसतील तर अपील कर, सोबत उरलेल्या विषयांची सेमिस्टरवार यादी अ‍ॅडव्हायझरच्या सहीनं जोड. पेल ग्रँटची पूर्णवेळ 12 सेमिस्टरांची आयुष्यभराची मर्यादा मात्र वेगळी आहे, ती अपिलानं वाढत नाही.

प्रश्न : घरी अडचण आहे, सहाव्या आठवड्यात सगळेच विषय सोडून घरी जावं म्हणतो. एडचं काय होईल? – विद्यार्थी, मिशिगन

उत्तर : जायचंच असेल तर जा, पण आधी एड ऑफिसात आकडा काढून घे. सेमिस्टरचा 60 टक्के भाग उलटायच्या आत सगळं सोडलं, तर जेवढे दिवस शिकलास तेवढ्याच प्रमाणात फेडरल मदत तुझी. उरलेली परत जाते आणि कॉलेजचं बिल तुझ्यावर येतं. 15 आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ही रेषा साधारण नवव्या आठवड्याच्या शेवटी येते. न सांगता निघून गेलास आणि सगळीकडे एफ आले, तरी कॉलेज तू शेवटचा हजर केव्हा होतास ते शोधतं. एखादा विषय ऑनलाइन पूर्ण करता आला तर हा हिशेबच बदलतो.

प्रश्न : आम्ही एच-4 (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वर आहोत. मुलीला कॉलेजची मेरिट स्कॉलरशिप आहे. सॅपचे नियम तिलाही लागू का? – टेक्सास

उत्तर : एच-4 वर फेडरल मदत मिळत नाही, त्यामुळे फेडरल सॅपचा थेट संबंध नाही. स्कॉलरशिपच्या अटी मात्र बहुधा त्याहून कडक असतात : जीपीए जास्त, दर सेमिस्टरला ठरावीक क्रेडिट सक्तीची. अवॉर्ड लेटरमधला नूतनीकरणाचा परिच्छेद काढून वाचा, आणि 12 क्रेडिटच्या खाली जायची वेळ आली तर विषय सोडण्याआधी स्कॉलरशिप ऑफिसकडून लेखी उत्तर घ्या.