कांगारूला फुटाणे चालतील का?

प्रश्न: डिसेंबरात आम्ही दोघं मुलाकडे ब्रिस्बेनला चाललो आहोत. नात 9 वर्षांची, नातू साडेचारचा. पहिल्याच रविवारी सगळ्यांनी मिळून कांगारूंना हाताने खाऊ घालायला जायचं, असं नातीने फोनवर ठरवूनही टाकलं. पण मागच्या दिवाळीत ही मंडळी इथे आली होती, तेव्हा रामटेकला एका वानराने नातवाच्या हातची फुटाण्यांची पुडी ओढून नेली. तेव्हापासून तो गल्लीतल्या मांजरीलाही घाबरतो. त्याला न्यावं का? आणि आपल्या महाराजबागेत प्राण्यांना काही खायला घालायची बंदी, मग तिकडे कसं चालतं? मुलासाठी संत्रा बर्फी नेतेच आहे, सोबत कांगारूंसाठी पावभर फुटाणे घेऊ का?
एक आजी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: आजी, फुटाणे घरीच राहू द्या. नातवाला मात्र न्या.

माझी मुलगी ब्रिस्बेनलाच असते, म्हणून लोन पाइन कोआला अभयारण्यात मी दोनदा जाऊन आलो. 1927 साली दोन कोआलांवर सुरू झालेली ही जागा. तिथे मोकळ्या कुरणात कांगारू पडलेले असतात आणि आपण त्यांच्यात चालत जायचं. खाद्य तिथलंच घ्यायचं, बाहेरचं चालत नाही. आपल्या पशुखाद्याच्या कांड्या असतात ना, साधारण तसंच ते दिसतं.

बाहेरचं का चालत नाही, ते सांगतो. कांगारू रवंथ करणाऱ्यांत मोडत नाही, पण त्याच्या पोटात गवत आंबवण्याचं काम गाईसारखंच चालतं, त्यामुळे भलतंसलतं त्याला सोसत नाही. पावासारखा मऊ, चिकट घास दातांच्या फटीत अडकतो, हिरडी दुखावते, जखमेत जंतू शिरतात आणि जबडा सुजतो. हा कांगारूंचा जुना, वाईट आजार. लोक पाव प्रेमानेच देतात, हेच अवघड.

महाराजबागेचं म्हणाल तर ती बंदी फक्त तिथली नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम 38-जे आहे. त्यानुसार देशातल्या कुठल्याही प्राणिसंग्रहालयात जनावराला चिडवणं जसं गुन्हा, तसंच खायला घालणंही. पशुवैद्य म्हणून नोकरीत असताना एका हरणाचं शवविच्छेदन मी केलं होतं. कुठलं, ते राहू द्या. पोटातून नारळाएवढा गोळा निघाला: चिप्सची पाकिटं, सुतळी आणि एक लाल फुगा, तोंडाला गाठ तशीच. त्या दिवसापासून मला ही बंदी कधी जाचक वाटली नाही. तिकडे परवानगी आहे ती ठरलेल्या जनावरांपुरती, ठरलेल्या खाद्यापुरती. शिवाय कुरणाचा एक भाग माणसांना बंद असतो. कांगारू कंटाळला की उठून तिकडे जातो आणि आपण मागे जायचं नाही. आपल्या पिंजऱ्यातल्या जनावराला ही सोय कुठे आहे?

आता नातवाची भीती. वानर हिसकावतं, कारण पुडी दिसली की आपलीच, हे त्याला माणसांनीच शिकवलंय. कांगारू बहुतेक वेळा आपल्याकडे बघतही नाही. पहिली दहा मिनिटं पोराला नुसतं उभं राहू द्या, ताईला खाऊ घालताना बघू द्या. मग तुमच्या तळहातावर त्याचा तळहात ठेवा, बोटं सरळ, अंगठा चिकटलेला. ओठ बकरीसारखे मऊ लागतात, मिशा गुदगुल्या करतात. कधी पुढच्या पंजाने तो मनगट धरतो, तेव्हा हात झटकू नका.

आणि खाऊ उंच धरू नका. चाळीस वर्षं जनावरांत घालवून ही चूक मीच केली. मुलगी फोटो काढत होती, म्हणून मी मूठ छातीशी नेली, तर समोरचा नर उभाच झाला, माझ्याएवढा. दोन्ही पंजे माझ्या खांद्यावर. मी मूठ सोडली, कांड्या सांडल्या, तो खाली वाकला, प्रकरण मिटलं. सौ. अजून तो फोटो पाहुण्यांना दाखवते. थोराड नर दिसला तर बाजूने जा आणि पोटपिशवीतून पिल्लू डोकावत असेल तर नातीला म्हणा, हात मागे. इमू जवळ आला तर चष्मा आणि बटणं सांभाळा, चमकतं ते टोचून बघायची त्याला खोड.

जायचं ते सकाळी. डिसेंबर म्हणजे त्यांचा उन्हाळा, दुपारी कांगारू सावलीत लोळतात आणि पुढचे हात चाटत बसतात. तिथे कातडीखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. थुंकी वाळली की रक्त गार होतं. आपल्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या, दुसरं काय!

कोआलाला कडेवर घेऊन फोटो मात्र आता लोन पाइनला मिळत नाही, 2024 मध्ये ते बंद केलं. बरंच झालं. दिवसाचे 18-20 तास झोपणारा प्राणी तो, त्याला कशाला उठवायचं?

ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, गोल्ड कोस्टवर करंबिन आहे, तिथले पोपटही कोणी सुचवेल. 1947 च्या सुमारास तिथल्या एका फुलशेती करणाऱ्याने रंगीत लोरिकीट आपल्या फुलांवरून हटावेत म्हणून त्यांना वेगळं खायला द्यायला सुरुवात केली, त्यातून पुढे अभयारण्य झालं. जिभेच्या टोकाला मधासाठी ब्रशसारखे केस असलेले सुरेख पक्षी. पण ते थव्याने येतात आणि किंचाळत थेट डोक्यावर बसतात. नातवासाठी ते यंदा नको.

खाऊ घालून झालं की साबणाने हात धुवा, आइस्क्रीम त्यानंतर.

आणि ती संत्रा बर्फी. तीत खवा असतो. आपल्याकडे गुरांना लाळ्या-खुरकुत होतो, त्यांच्याकडे तो नाही, म्हणून आपल्या दुधाच्या पदार्थांना ते फार घाबरतात. विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाण्याचे पदार्थ आहेत असं लिहावंच लागतं. लपवलं तर दंड, लिहिलं तर बर्फी कचऱ्यात. मुलाला म्हणा, इथे आलास की खा.