अलिबागच्या इस्राएल आळीला हे नाव कसे पडले?

अलिबागमधील ‘इस्राएल आळी’ हे नाव इस्राएल या देशावरून पडले का, आणि तिथे आजही ज्यू राहतात का, असे आपण विचारले आहे. माझे आजोळ अलिबागचे असल्यामुळे ही आळी माझ्या चांगल्या परिचयाची आहे. नावाचा त्या देशाशी संबंध नाही. तो देश 1948 मध्ये स्थापन झाला, तर आळीतील सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, त्याच्या शंभर वर्षे आधीचे, म्हणजे 1848 चे आहे. आळीला नाव मिळाले ते बेने इस्राएल, अर्थात ‘इस्राएलची मुले’, या कोकणातील ज्यू समाजावरून.

या समाजात परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी की, पूर्वजांचे गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांना तिथेच किनाऱ्यावर पुरण्यात आले. हे नेमके कधी घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्यांच्या वंशजांनी किनाऱ्यावरच्या गावांत तेलाचे घाणे घातले, मराठी ही त्यांची मातृभाषा झाली आणि गावांवरून नवगावकर, केहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशी आडनावे रूढ झाली. धर्मग्रंथ जवळ नसतानाही ‘शेमा’ ही प्रार्थना आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम त्यांनी सोडला नाही, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. शेजाऱ्यांना त्यांचा धर्म उलगडला नसेल, पण त्यांच्या सुट्टीचा वार मात्र सगळ्यांना पाठ होता, याची मला नेहमी गंमत वाटते.

आळीतील मुख्य संस्था म्हणजे ‘मागेन अबोथ’ सिनेगॉग. या नावाचा अर्थ ‘पूर्वजांची ढाल’ असा होतो. आज दिसते ती इमारत 1910 मधील पुनर्बांधणीची आहे. समाजाचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत उभारले होते. जुनी मंडळी सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणत, आणि मुंबईच्या मशीद स्थानकाचे नावही याच पहिल्या सिनेगॉगवरून आले, असे सांगितले जाते. आत मूर्ती किंवा चित्र नसते. जेरुसलेम आपल्या पश्चिमेला असल्याने पश्चिमेच्या भिंतीत ‘हेखल’ नावाचे कपाट असते आणि त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवतात. ‘तेबा’ या उंच चौथऱ्यावरून तोराचे वाचन होते.

मात्र सामूहिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष हजर असावे लागतात, आणि आळीची आजची स्थिती समजण्यासाठी हा नियम ध्यानात घ्यावा लागतो. 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली, काही मुंबई-ठाण्यात स्थिरावली, आणि मागे मोजकीच घरे उरली. त्यामुळे वास्तू शाबूत असली तरी दहांची जमवाजमव हाच इथला खरा प्रश्न ठरतो. सणासुदीला बाहेरगावचे नातलग आले की तो आपोआप सुटतो.

आळीच्या इतिहासात अलिबागजवळच्या खंडाळे गावाचाही उल्लेख करायला हवा. तिथे एका खडकावर एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या रथाच्या खुणा आहेत अशी समाजाची श्रद्धा आहे, आणि नवस फेडायला दूरदूरची कुटुंबे तिथे येतात. त्या वेळी ‘मलिदा’ करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा आणि सोबत फळे असा हा प्रसाद हिब्रू प्रार्थना म्हणून वाटला जातो. माझ्या आजीकडे तो शेजारच्या घरून झाकलेल्या ताटलीतून येत असे, आणि ताटली रिकामी परत करायची नाही म्हणून आजी तीत तांदळाचे लाडू घालून मला परत पाठवत असे.